शहराचा पसारा मोजायचा कसा: हद्द, पिक्सेल आणि छेद

शहर वाढणे वेगळे आणि शहर पसरणे वेगळे. लोकसंख्या दुप्पट झाली आणि बांधीव क्षेत्रही दुप्पट झाले, तर ती वाढ. लोकसंख्या दीडपट, बांधीव क्षेत्र तिप्पट, तेही मध्ये शेते सोडून मोठ्या रस्त्यांच्या कडेकडेने विखुरलेले, तर तो पसारा. भूवापर नियोजनावरच्या अभ्यासांत हा फरक पहिल्या पानावर मान्य केला जातो आणि नकाशा करायची वेळ आली की विसरला जातो. उपग्रह प्रतिमांपासून पर्यावरणावरच्या परिणामापर्यंतचा अभ्यास कसा करावा आणि तो कुठे फसतो, ते इथे क्रमाने दिले आहे.

आधी परिणाम, मग मापक

पसारा एका आकड्यात मावत नाही. नागरी अभ्यासक जॉर्ज गाल्स्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याची आठ अंगे वेगळी केली: घनता, सलगता, एकवटलेपण, गुच्छ, केंद्राकडचा कल, केंद्रांची संख्या, वापरांची सरमिसळ आणि निरनिराळ्या वापरांमधली जवळीक. एखादे शहर घनतेत उत्तम आणि सलगतेत वाईट असू शकते. म्हणून ‘हे शहर किती पसरले’ हा प्रश्न अर्धवट आहे. कशाच्या दृष्टीने पसरले, हे आधी ठरवावे लागते.

पुराचा अभ्यास असेल तर ओढ्याच्या पाणलोटातला अभेद्य (पाणी न मुरू देणारा) पृष्ठभाग मोजा. वन्यजीवांचा असेल तर उरलेल्या मोकळ्या जमिनीचे तुकडे मोजा. वाहनांच्या धुराचा असेल तर घरापासून कामापर्यंतचे अंतर महत्त्वाचे, नुसती घनता नव्हे. मापक आधी काढून परिणाम मागाहून शोधायला गेलात, तर काही ना काही सहसंबंध सापडतोच. त्याचा अर्थ मात्र लागत नाही.

हद्द

प्रशासकीय हद्द वापरू नका. ती ठरावाने बदलते. आजूबाजूची गावे सामील झाली की शहराची घनता एका रात्रीत घसरते, जमिनीवर एक वीटही न हलता. उलट हद्द तीच राहिली आणि वाढ तिच्याबाहेर गेली, तर शहर कागदावर आटोपशीर दिसत राहते.

त्याऐवजी शेवटच्या वर्षाचा प्रत्यक्ष नागरी विस्तार काढा, त्याभोवती सगळीकडून समजा १० किलोमीटरचा पट्टा घ्या, आणि ती चौकट सर्व वर्षांसाठी कायम ठेवा. विस्तार ठरवण्याचे दोन भरवशाचे मार्ग आहेत. पहिला संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्य केलेला: १ चौरस किलोमीटरच्या चौकोनांत दर चौकोनी किमान १,५०० माणसे, असे चौकोन सलग, आणि एकूण लोकसंख्या किमान ५०,०००, तर ते नागरी केंद्र. दुसरा बांधकामावर आधारलेला: प्रत्येक बांधीव पिक्सेलभोवती (पिक्सेल म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन) १ चौरस किलोमीटरचे वर्तुळ (त्रिज्या सुमारे ५६४ मीटर) कल्पा. त्यातला निम्मा किंवा अधिक भाग बांधीव असेल तर पिक्सेल शहरी, २५ ते ५० टक्के असेल तर उपनगरी, त्याखाली ग्रामीण. विखुरलेल्या बांधकामाचा अभ्यास असेल तर दुसरा मार्ग जास्त उपयोगी, कारण उपनगरी पिक्सेलांचा वाटा हाच मुळी एक निष्कर्ष असतो.

क्षेत्रफळ काढताना नकाशाचे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याची पद्धत) तपासा. अक्षांश-रेखांशात ठेवलेल्या लेयरवर काढलेले क्षेत्रफळ निरर्थक असते, आणि वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात ६० अंश अक्षांशावर ते चौपट येते. त्या भागाचा यूटीएम झोन (मीटरमध्ये मोजणारे पट्टेवार प्रक्षेपण) घ्या, किंवा अनेक शहरांची तुलना असेल तर समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणारे, प्रक्षेपण घ्या.

प्रतिमा आणि वर्गीकरण

अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची ३० मीटरची मालिका १९८०च्या दशकापासून सलग मिळते आणि २००८ पासून हा साठा विनामूल्य आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे दृश्य आणि नजीक-अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे) पट्टे १० मीटरचे, पण ते २०१५ नंतरचे. त्याचा लघुतरंग-अवरक्त पट्टा २० मीटरचाच असतो. त्यामुळे त्यातून काढलेला बांधीव निर्देशांक (बांधकाम ओळखण्याचा आकडा, सूत्र पुढे आहे) १० मीटरच्या नकाशात बसवला, तरी ती बारकाई दिखाऊ असते. लँडसॅट-७ च्या मे २००३ अखेरीनंतरच्या प्रतिमांमध्ये पट्ट्यापट्ट्यांनी माहिती गळालेली आहे. त्या भरून वापरण्यापेक्षा त्याच काळातल्या लँडसॅट-५ च्या मिळत असतील तर त्या घ्या.

सर्वांत वाईट चूक म्हणजे जुन्या वर्षासाठी भरड आणि नव्या वर्षासाठी बारीक प्रतिमा घेणे. ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर. त्यातले एकटे घर भोवतालच्या झाडीत विरघळून जाते. १० मीटरवर तेच घर दिसते. मग नकाशा सांगतो की दहा वर्षांत विखुरलेली घरे कितीतरी वाढली. प्रत्यक्षात वाढलेली असते कॅमेऱ्याची नजर. सर्व वर्षे सर्वांत भरड प्रतिमेच्या पातळीवर आणा. मन खट्टू होते, पण तुलना खरी होते.

दुसरा त्रास उघड्या मातीचा. बांधीव निर्देशांक म्हणजे लघुतरंग-अवरक्त वजा नजीक-अवरक्त, भागिले दोहोंची बेरीज. नांगरलेले कोरडे शेत आणि पत्र्याचे छप्पर या गणितात सख्खे भाऊ दिसतात. उपाय सोपा आहे: एका दिवसाची प्रतिमा घेऊ नका, वर्षभराच्या ढगविरहित प्रतिमा घ्या आणि प्रत्येक पिक्सेलचा वर्षातला सर्वाधिक हिरवाई निर्देशांक (झाडोरा किती दाट याचा आकडा) काढा. शेत वर्षात कधीतरी हिरवे होते, इमारत कधीच होत नाही. हा एक थर रँडम फॉरेस्टसारख्या (नमुन्यांवरून शिकून वर्ग ठरवणाऱ्या) संगणकीय वर्गीकरणात टाकला की पडीक जमीन आणि वस्ती यांची गल्लत बरीच कमी होते. खडकाळ माळ, नदीची वाळू आणि खाणी मात्र तरीही अडतात. त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचे नमुने वेगळे गोळा करा आणि त्यांना स्वतंत्र वर्ग द्या.

वर्षांच्या क्रमात एक साधी तपासणी करा. जो पिक्सेल २००० मध्ये बांधीव, २००५ मध्ये शेत आणि २०१० मध्ये पुन्हा बांधीव दिसतो, तो बहुधा चुकलेला असतो. पाडापाडी होते, पण पाच वर्षांत शेत होऊन परत इमारत, हे क्वचितच.

एवढे करूनही उपग्रहाला दिसते ते भू-आच्छादन. भूवापर त्याला दिसत नाही. भूखंड पाडून, खांब रोवून ठेवलेली जमीन गवताळच दिसते, आणि गोदाम आणि शाळा यांची छपरे सारखीच. वापर हवा असेल तर जमिनीच्या नोंदी, विकास आराखडा किंवा प्रत्यक्ष फेरी यांना पर्याय नाही.

अचूकता ९८ टक्के, क्षेत्रफळ चुकलेले

हा भाग बहुतेक अभ्यासांत एका ओळीत उरकला जातो, म्हणून इथे एक काल्पनिक उदाहरण सविस्तर सोडवू. चौकट १,००० चौरस किलोमीटरची. नकाशा सांगतो की दोन वर्षांच्या दरम्यान २० चौरस किलोमीटर जमीन नव्याने बांधीव झाली, ९८० बदलली नाही. नमुना म्हणून ‘बदल’ वर्गात १०० आणि ‘स्थिर’ वर्गात ५०० बिंदू यादृच्छिक पद्धतीने टाकले आणि ठसठशीत प्रतिमांवर तपासले. बदल वर्गातले ८५ बरोबर निघाले. स्थिर वर्गातल्या ५०० पैकी ५ ठिकाणी प्रत्यक्षात बदल झालेला होता.

एकूण अचूकता ९८.७ टक्के येते. अहवालात शोभून दिसेल असा आकडा. आता क्षेत्रफळ पाहा. बदल वर्गातले खरे: २० गुणिले ०.८५, म्हणजे १७. स्थिर वर्गात लपलेले: ९८० गुणिले ०.०१, म्हणजे ९.८. एकूण २६.८ चौरस किलोमीटर. नकाशातल्या २० पेक्षा ३४ टक्के जास्त. प्रमाणित त्रुटी (नमुन्यामुळे येणाऱ्या अनिश्चिततेचे माप) सुमारे ४.४ येते, म्हणजे ९५ टक्के विश्वासाने २६.८ अधिक-उणे ८.७.

कारण उघड आहे. स्थिर वर्ग इतका मोठा असतो की त्यातली एक टक्का चूकही बदलाच्या अर्ध्या क्षेत्राइतकी भरते. म्हणून पिक्सेल मोजून क्षेत्रफळ लिहू नका. नमुन्यावरून सुधारलेला अंदाज आणि त्याची मर्यादा लिहा. मर्यादा फारच रुंद आली तर स्थिर वर्गातले बिंदू वाढवा, किंवा नव्या बांधकामांलगतच्या ५०० मीटरच्या पट्ट्याचा वेगळा स्तर करून तिथे बिंदू जास्त टाका, कारण सुटलेला बदल बहुतेक तिथेच सापडतो. बिंदू तपासणाऱ्या दोघांनी एकमेकांचे उत्तर पाहू नये, आणि नकाशा तर मुळीच पाहू नये. आणखी एक: दोन वर्षांचे नकाशे स्वतंत्रपणे करून एकमेकांतून वजा केले तर दोन्हींच्या चुका बेरजेत येतात. शक्य असेल तिथे दोन्ही वर्षांच्या प्रतिमा एकत्र ठेवून ‘बदल’ हाच वर्ग थेट ओळखा.

लोकसंख्येशी गाठ

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ११.३.१ हा निर्देशक जमीन वापरण्याचा वेग भागिले लोकसंख्यावाढीचा वेग असा आहे. समजा दहा वर्षांत बांधीव क्षेत्र ८० वरून १२० चौरस किलोमीटर झाले आणि लोकसंख्या १० लाखांवरून १३ लाख. जमिनीचा वेग: ४० भागिले ८०, भागिले १०, म्हणजे ०.०५. लोकसंख्येचा: १.३ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.२६२, भागिले १०, म्हणजे ०.०२६२. गुणोत्तर १.९१.

जुन्या व्याख्येप्रमाणे जमिनीसाठीही लॉगॅरिदम घेतला तर तेच गुणोत्तर १.५५ येते. शहर तेच, माहिती तीच. त्यामुळे दुसऱ्या अभ्यासातल्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्यांचे सूत्र वाचा. शिवाय लोकसंख्या जवळजवळ स्थिर असेल तर छेद शून्याकडे जातो आणि गुणोत्तर आभाळाला भिडते. लोकसंख्या घटत असेल तर ते ऋण होते आणि त्याला अर्थच राहत नाही. अशा वेळी दरडोई बांधीव क्षेत्र सरळ लिहा. वरच्या उदाहरणात ते ८० चौरस मीटरवरून ९२.३ झाले, आणि हा आकडा कोणालाही कळतो.

लोकसंख्येचे तयार जाळीनकाशे (चौकोनाचौकोनाने लोकसंख्या देणारे नकाशे) वापरताना एक सापळा आहे. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचा जीएचएसएल हा संच १९७५ पासून पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी मिळतो आणि फार सोयीचा आहे. पण त्यातली लोकसंख्या ही जनगणनेचे आकडे बांधीव क्षेत्रावर वाटून काढलेली आहे. ती घेऊन ‘बांधकाम आणि लोकसंख्या यांचा घट्ट संबंध आढळला’ असे लिहिणे म्हणजे आपणच ठेवलेली वस्तू आपणच शोधून काढणे. असा संबंध तपासायचा तर जनगणनेच्या मूळ घटकांवरच तपासा.

विखुरलेपण

विखुरलेपणाच्या मापांत शॅननची एन्ट्रॉपी सर्वांत लोकप्रिय आहे. केंद्राभोवती १ किलोमीटरची वलये काढा, प्रत्येक वलयाचा वाटा काढा, वाटा गुणिले वाट्याचा लॉगॅरिदम यांची बेरीज ऋण करा आणि वलयांच्या संख्येच्या लॉगॅरिदमने भागा. उत्तर ० ते १ मध्ये येते: ० म्हणजे सगळे एकाच वलयात, १ म्हणजे सगळीकडे सारखे. चार विभागांत ८५, ५, ५, ५ टक्के असतील तर ०.४२, ७०, १०, १०, १० असतील तर ०.६८, सगळीकडे २५ असतील तर १.

गफलत ‘वाटा’ या शब्दात आहे. दहाव्या वलयाचे क्षेत्र पहिल्याच्या १९ पट असते. बांधीव क्षेत्राचा सरळ वाटा घेतलात तर बाहेरची वलये केवळ मोठी असल्यामुळे वजनदार ठरतात. आधी प्रत्येक वलयातली बांधीव घनता काढा आणि तिचा वाटा घ्या. वलयांची रुंदी बदलून पुन्हा मोजा. १ किलोमीटरवर आलेला कल २ किलोमीटरवर उलटला तर तो शहराचा नव्हे, वलयांचा गुण होता. आणि चार सशक्त उपकेंद्रे असलेल्या आटोपशीर शहराचीही एन्ट्रॉपी जास्तच येते, म्हणून ती एकटी वापरू नये.

तिच्या जोडीला नव्या बांधकामाचे प्रकार मोजा. प्रत्येक नव्या तुकड्याच्या परिघाचा किती भाग जुन्या वस्तीला चिकटलेला आहे ते काढा. निम्म्याहून अधिक असेल तर ती पोकळी भरणे, त्याहून कमी पण शून्याहून जास्त असेल तर कडेची वाढ, शून्य असेल तर उडी. हे मोजण्याआधी रस्ते वगळा, नाहीतर एक महामार्ग सगळ्या तुकड्यांना एका माळेत ओवतो आणि उड्या नाहीशाच होतात. एक-दोन पिक्सेलांचे तुकडेही गाळा. त्यातले बरेच वर्गीकरणाचे कण असतात.

परिणामाकडे

पाणी: इथे एकक शहर नसून पाणलोट क्षेत्र असते. एका पावसातल्या अपधावासाठी (वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी) वक्रांक पद्धत पुरेशी आहे; वक्रांक जितका मोठा, तितके जास्त पाणी वाहते. २५,४०० भागिले वक्रांक, वजा २५४, ही जमिनीची धारणक्षमता मिलिमीटरमध्ये. पावसातून तिचा पाचवा भाग वजा करून वर्ग करा आणि पाऊस अधिक ०.८ धारणक्षमता याने भागा. १०० मिलिमीटर पावसात वक्रांक ७० असताना ३२.७ मिलिमीटर वाहून जाते, ८५ झाल्यावर ६१. म्हणजे जवळजवळ दुप्पट.

पण इथेच छेदाचा सर्वांत मोठा घोळ होतो. १०० घरे १० हेक्टरवर ६० टक्के अभेद्य पृष्ठभागासह बांधली तर ६ हेक्टर झाकली जातात. तीच ५० हेक्टरवर २० टक्क्यांनी बांधली तर १० हेक्टर. दर हेक्टरी पाहिले तर दाट वस्ती दोषी, दर घरी पाहिले तर विरळ. दोन्ही खरे आहे. जवळचा एक ओढा वाचवायचा असेल तर पहिले माप, संपूर्ण खोऱ्याचा विचार असेल तर दुसरे. कोणते का घेतले ते लिहिलेच पाहिजे.

अधिवास: प्रभावी जाळी-आकार (तुकडे किती मोठे उरले याचे माप) वापरा. सर्व तुकड्यांच्या क्षेत्रांचे वर्ग मिळवा आणि एकूण क्षेत्राने भागा. १०० चौरस किलोमीटरचे सलग रान म्हणजे १००. मधून एक रस्ता गेला आणि दोन सारखे भाग झाले की ५०, चार झाले की २५. जमीन मात्र जवळपास तेवढीच उरलेली असते. बांधीव क्षेत्राच्या टक्केवारीत हे नुकसान दिसतच नाही. कुंपण असलेला महामार्ग आणि कच्चा रस्ता यांना सारखाच अडथळा मानू नका.

उष्णता: लँडसॅट-८ चा उष्णता-पट्टा मुळात १०० मीटरचा असून ३० मीटरवर आणून दिलेला असतो, आणि तो सकाळी दहाच्या सुमाराचे पृष्ठभागाचे तापमान सांगतो, हवेचे नव्हे. कोरड्या प्रदेशात त्या वेळी उघडे माळरान शहरापेक्षा गरम दिसते. त्यावरून शहर थंड आहे असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. रात्रीची नोंद किंवा हवामान केंद्रांचे आकडे जोडा.

प्रवास: घनता वाढवली की गाड्या कमी फिरतात, हे अनेकजण गृहीत धरतात. युइंग आणि सर्व्हेरो या संशोधकांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा लोकसंख्येच्या घनतेची लवचिकता (घनता एक टक्का वाढली तर वाहनांचा प्रवास किती टक्के बदलतो) फक्त उणे ०.०४ निघाली. घनता दुप्पट केली तरी वाहनांचा प्रवास जेमतेम हलतो. मध्यवर्ती भागापासूनच्या अंतराचा परिणाम त्याच्या सुमारे साडेपाचपट, ०.२२. म्हणून दूरवरच्या शेतात उभा केलेला उंच इमारतींचा पुंजका कागदावर दाट असला तरी प्रवासाच्या हिशोबात पसाराच असतो. शिवाय ज्यांना गाडी चालवायची नसते ते मुळातच मध्यवर्ती भागात घर घेतात. हा स्वनिवडीचा प्रश्न कुटुंबनिहाय माहिती असल्याशिवाय सुटत नाही.

नियोजनाचा उपयोग झाला का, हे तपासताना

दक्षिण कोरियाच्या सोल शहराने १९७१ मध्ये बांधकाम रोखणारा हरितपट्टा आखला, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलँडची नागरी वाढीची सीमारेषा १९७९ ची. अशा रेषेच्या आत-बाहेरची तुलना मोहक असते, पण रेषा सहसा डोंगराच्या पायथ्याने किंवा नदीच्या काठाने जाते. बाहेर बांधकाम कमी दिसले तर श्रेय नियमाचे की उताराचे? उतार, पूररेषा आणि रस्त्यापासूनचे अंतर सारखे असलेलेच भूखंड दोन्ही बाजूंनी निवडा, आणि रेषा येण्याआधीची दोन-तीन वर्षेही मोजा. आधीच दोन्हींकडचा वेग वेगळा असेल तर पुढची तुलना बाद.

आणि चौकट रेषेच्या बरीच पलीकडे न्या. रोखलेली वाढ कधीकधी पट्टा ओलांडून पुढच्या गावात उतरते. पोर्टलँडच्या बाबतीत कोलंबिया नदीपलीकडचा भाग दुसऱ्या राज्यात, म्हणजे ऑरेगनच्या कायद्याबाहेर येतो. तो वगळून केलेला हिशोब अपुरा राहतो. पट्ट्यापलीकडचा किमान एका तासाच्या प्रवासाचा परिसर चौकटीत असावा, आणि तिथल्या ‘उडी’ प्रकारच्या तुकड्यांची मोजणी रेषेच्या आधी आणि नंतर अशी वेगवेगळी द्यावी.